बुधूच्या नावाची धार

टोकावड्याच्या अलीकडच्या ठाकरवाडीत अनंता मेंगाळ राहतो. त्याला इंग्लंडबद्दल विचारू नका. मुरबाडच्या एसटी स्टँडवर कुणीतरी हमखास हटकतं, "काय रे लंडनवाल्या, गोऱ्यांची गावं कशी असतात?" मग अनंताचं डोकं सणकतं. हातातला चहा तसाच बाकावर ठेवून तो चालू लागतो. लोक म्हणतात, परदेशी जाऊन आला आणि शेफारला. लोकांच्या जिभेला काय हाड आहे? काय घडलं ते त्यांना ठाऊक नाही. ठाऊक झालं तर त्यांचंही टाळकं फिरेल. निदान फिरायला तरी हवं.

अनंता स्वयंपाकी. कल्याणच्या एका केटररकडे भांडी घासता घासता हात बसला आणि पुढे असा बसला, की लग्नघरची माणसं मांडवात त्यालाच शोधत यायची. पुरणपोळी तर अशी करायचा की ओठांनी तुटावी. तिथूनच एका पर्यटन कंपनीनं त्याला उचललं. कंपनी निवृत्त मंडळींना परदेश दाखवायची आणि सोबत घरचं जेवण द्यायची. बसच्या मागोमाग स्वयंपाकाची व्हॅन, व्हॅनमध्ये अनंता. टूर मॅनेजर होता भावेश. त्यानं पहिल्याच दिवशी अनंताला बजावलं, "गेस्ट लोक तुला महाराज म्हणतील. म्हणू दे. आडनाव सांगत बसू नकोस." अनंताला तेव्हा त्यात वावगं वाटलं नाही. पासपोर्ट झाला होता, वाडीतला पहिला. त्याच आनंदात तो होता.

इंग्लंडच्या खेड्यांतून ही वरात निघाली. मधाच्या रंगाच्या दगडांची घरं, दारापुढे गुलाब, ओढ्यावर बुटके पूल, हिरव्या माळावर मेंढ्या. आणि छपरं कसली, तर गवताची! चांगली हातभर जाड, कडा कातरलेली. ती छपरं दिसली की बस थांबायची, मंडळी धडपडत उतरायची आणि घरांकडे पाठ करून फोटो काढायची. "किती आर्टिस्टिक!" अनंता व्हॅनमधून बघत राहायचा. त्याच्या बापाच्या घरावर परवापरवापर्यंत गवतच होतं. पत्रा चढला त्या दिवशी वाडीत पेढे वाटले होते. गवताखाली जन्म काढलेल्या माणसाकडे या मंडळींतलं कुणी ढुंकूनही बघितलं नसतं, आणि इथं त्याच गवतासाठी विमानानं आले होते. तेव्हा त्याला हसू आलं होतं. आता येत नाही.

दर दोन-चार मुक्कामांनी कार्यक्रमात एक 'ट्रॅडिशनल कंट्री पब' असायचा. बाहेर रंगवलेली पाटी झुलतेय, दार इतकं ठेंगणं की वाकून आत जावं लागतं, आत काळे वासे. मंडळी एकेक ग्लास घेऊन तोंड वाकडं करत प्यायची आणि बाहेर येऊन अनंताला विचारायची, "महाराज, पिठलं-भात आहे ना?" अनंताला मात्र ती जागा बाहेरून आवडली होती. बाकावर तीन म्हातारे, पायाशी कुत्रा, कुणाला घाई नाही, बोलणंही बेतानंच. वाडीत गोजर म्हाताऱ्याच्या पडवीत संध्याकाळी असंच बसतात. एकच गोष्ट त्याला खटकली. हे लोक ग्लास उचलतात आणि थेट तोंडाला लावतात.

वाडीत तसं कुणी करत नाही. मोहाची दारू असो की माडी, आधी चुलीपाशी जमिनीवर धार सोडायची. देवाचं नाव घ्यायचं, गेलेल्यांची नावं घ्यायची, मग आपण प्यायचं. गेलेलं माणूस घर सोडतं पण चुलीची ऊब सोडत नाही, असं वाडी मानते. आणि कुणी मेलं की दिवस घालताना त्याच्या थोरल्या मुलानं त्याच्या नावानं पहिली धार द्यायची. ती मिळेपर्यंत मेलेला उपाशी-तहानेला उंबऱ्यावर बसून राहतो. शेंबड्या पोरालाही तिथं हे माहीत असतं.

तिकडं टूर अर्ध्यावर आली आणि इकडं अनंताचा बाप गेला. बुधू मेंगाळ. दुपारी जेवून बाजेवर आडवा झाला तो उठलाच नाही. बायकोचा, रंजिताचा फोन आला तेव्हा अनंता कोशिंबिरीला काकडी चोचवत होता. "तुमचा बा गेला ओ," एवढंच ती बोलली. अनंता बुधूचा एकुलता एक मुलगा. तो तसाच हात न धुता भावेशकडे धावला.

"साहेब, मला घरी पाठवा. बाप गेला माझा."

भावेशनं आधी दार लावून घेतलं. "वाईट झालं रे. पण आता तिकीट बदलता येतं का? तू पोचेपर्यंत तिकडं सगळं उरकलेलं असणार. आणि इथं यांच्या जेवणाचं काय?" मग आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ, गेस्टमध्ये एक शब्द काढायचा नाही. जुनी माणसं आहेत. सुतक-बितक मानतात. तुझ्या हातचं खाणार नाहीत. माझी नोकरी जाईल."

त्याची नोकरी! अनंताचा बाप तिकडं तिरडीवर आणि याला नोकरीची पडलेली. त्याच वेळी अनंतानं झारा फेकायला हवा होता. फेकला नाही. अनोळखी मुलूख, भाषा येत नाही, पासपोर्ट भावेशच्या बॅगेत. रंजितानं मोबाइलवर बाप दाखवला, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला. चुलतभावानं अग्नी दिला. रात्री अनंतानं याच हातांनी पुरण वाटलं, कारण दुसऱ्या दिवशी कुणा जोडप्याच्या लग्नाचा वाढदिवस होता. "महाराज, हाताला काय चव आहे हो!" असं म्हणत मंडळींनी तीन-तीन पोळ्या हाणल्या. अनंता मान खाली घालून वाढत राहिला आणि आतल्या आत जळत राहिला.

दिवस घालायची वेळ आली. सकाळी गोजरचा फोन आला.

"अनंता, तू नायस तं आमी धार कशी देऊ रे? तो तुझ्याच हातची घेल."

"आजा, इथं मोहाची नाय गावत."

"जी गावेल ती दे. ज्या घरात चूल दिसेल तिथं दे. नाव घे मोठ्यानं, म्हंजे त्याला समजेल. नायतं म्हातारा उंबऱ्यावर तसाच बसलाय बघ."

त्या दिवशी दुपारी कार्यक्रमात पबच होता. अनंतानं भावेशला गाठलं. एक ग्लास हवा, चुलीपाशी दोन मिनिटं हवीत, बापाचं काम आहे. भावेश म्हणाला, "वेडा झालास का? स्टाफनं आत यायचं नाही. व्हॅनमध्ये बस."

पाऊस भुरभुरत होता. मंडळी वाकून वाकून आत गेली. अनंता व्हॅनमध्ये बसला. उघड्या दारातून त्याला आतली भिंत दिसली. भिंतीत काळवंडलेली कमान होती आणि कमानीत लाकडं पेटलेली. चूल! तिच्यावर कुणी भाकरी टाकत नव्हतं, ती नुसती माणसांना ऊब द्यायला होती, हे त्याच्या ध्यानात कसं यावं? लाकडं जळतायत, भोवती माणसं बसलीत, म्हणजे चूल. तो उतरला. डोक्यावरची पांढरी टोपी काढून खिशात घातली, वाकून आत शिरला आणि बोटानं दाखवून आपल्या पैशानं बिअरचा ग्लास घेतला. चुलीजवळ जाऊन उकिडवा बसला, ग्लास कपाळाला लावला आणि दगडी लादीवर धार सोडली.

"बुधू लहानू मेंगाळ," तो मोठ्यानं म्हणाला. "बाबा, घे. मी देतंय, अनंता."

"अगबाई! महाराज प्यालेत की काय?" मंडळींतल्या पाटणकर काकू किंचाळल्या.

सगळ्यांच्या माना वळल्या. भावेश झेपावला आणि त्यानं अनंताची कॉलर धरली. दुसऱ्या हातानं तो पबच्या मालकिणीपुढे हात जोडत होता. "सॉरी मॅडम, व्हेरी सॉरी. ही इज ड्रंक." अनंताला इंग्रजी येत नसलं तरी तेवढं कळलं. त्यानं हिसडा देऊन कॉलर सोडवली.

"प्यालो नाय मी! थेंब नाय लावला तोंडाला. बाप मेलाय माझा! सुतकात तुमाला रांधून घातलं मी, ह्यो बोलला गप ऱ्हा म्हणून गप ऱ्हायलो. आज त्याचा दिवस हाय. धार देत होतो त्याला!"

कुणीतरी उठेल, पाठीवर हात ठेवेल, निदान अरेरे म्हणेल, असं तुम्हाआम्हाला वाटेल. पाटणकर काकूंनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे? आम्ही सुतकातलं खाल्लं? पुरणपोळीसुद्धा?"

एक निवृत्त साहेब भावेशवर खेकसले, ही सरळसरळ फसवणूक आहे, कंपनीकडे तक्रार करतो. आणखी एकानं चष्मा वर सरकवून अनंताला न्याहाळलं. "मेंगाळ म्हणालात ना? म्हणजे तुम्ही नक्की कोण? नाही, जातीनं कोण, असं विचारतोय."

अशी माणसं असतात. शिकलेली असतात, चार खंड फिरलेली असतात, दुसऱ्याच्या गवती छपरापुढं हुरळून जातात, आणि असतात.

एवढ्यात मालकीण फडकं घेऊन आली होती. तिचा काही दोष नाही. सांडलं की पुसायचं, हे तिचं रोजचं काम. अनंता वळून बघतो तर लादी कोरडी आणि धार फडक्यात! बापाच्या ओठाशी गेलेलं कुणी ओढून घ्यावं तसं त्याला झालं. त्यानं तिच्या हातातून फडकं घेतलं. ती दचकून मागं सरली, काहीतरी बोलली. तो ऐकायला थांबलाच नाही. वाकायचं विसरला, दाराच्या चौकटीवर त्याचं कपाळ आपटलं, तसाच बाहेर गेला. कुंपणाच्या झुडपाखाली उघडी माती होती. तिथं गुडघे टेकून त्यानं दोन्ही हातांनी फडकं पिळलं.

"बुधू लहानू मेंगाळ!" तो पावसात ओरडला. "घे बाबा! घे!"

दाराबाहेरच्या बाकाखाली झोपलेलं एक कुत्रं भुंकायला लागलं. खिडकीतून मंडळी बघत होती. एकीनं मोबाइल वर धरला होता.

फडकं परत देऊन अनंतानं व्हॅनमधल्या कोठीची किल्ली भावेशच्या हातावर ठेवली. त्यानंतर त्यानं गॅस पेटवला नाही. परतीपर्यंत तो बसमध्ये शेवटच्या सीटवर बसून राहिला. मंडळी पाव चावत राहिली, आणि त्याच्या पुढच्या दोन रांगा रिकाम्या ठेवत राहिली.

वाडीत पोचला तसा तो घरीही न जाता गोजरच्या पडवीत शिरला. सगळं सांगितलं. सांगता सांगता मूठ आवळत होता. "फडक्यातनं पिळून दिली, आजा. ती पोचली का नाय, काय माहीत."

गोजरनं त्याच्या कपाळावरच्या टेंगळावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "तुझ्या बानं उभ्या जल्मात फडक्यातनं गाळल्याबिगर घेतली नाय रे. पोचली."

तेव्हा कुठे अनंता रडला. ओक्साबोक्शी रडला. पण राग काही रडण्यानं धुऊन गेला नाही.

श्रावणात भावेशचा फोन आला. आवाजात लोणी. पुढची टूर तोंडावर आली होती आणि तशी पोळी कुणाला जमत नव्हती. "झालं गेलं विसर. मी मालकांशी बोललोय. फक्त त्या गेस्ट लोकांना एक व्हिडिओ करून पाठव, माफी मागतो म्हण. त्यांच्या भावना दुखावल्यात रे. वडिलांच्या दुःखात चूक झाली, असं म्हण, बस."

अनंता अंगणात उभा होता. रंजिता दारातून त्याच्याकडे बघत होती.

"मागतो माफी," अनंता म्हणाला. "माझ्या बापाचं नाव सांग."

"काय?"

"मेला त्याचं नाव. दोन येळा ओरडलो तिथं. सांग."

"अरे, आत्ता या वेळी कसं लक्षात... इमोशनल होऊ नको, अनंता."

"एवढी मानसं होती," अनंता म्हणाला. "समद्यांनी माझ्या हातचं खाल्लं. जात इचारलीत मला. नाव एकानं नाय इचारलं."

आणि त्यानं फोन बंद केला.