जिभेवरचा ळ

कोरडं तोंड म्हणजे खाण्याचे हाल, असं लोकांना वाटतं. ते होतातच. भाकरी घशाखाली उतरत नाही, बिस्किट टाळ्याला चिकटून बसतं. पण माझ्या तोंडातून सगळ्यात आधी गेलं ते एक अक्षर. ळ.

म्हणून पाहा. जीभ मागे वळते, टाळ्याला टेकते आणि चटकन सुटते. तुमची सुटते, कारण तोंडात ओल आहे. माझी टेकते आणि तिथेच बसते. मग मी नकळत वाट काढली आणि ळचा ल करून टाकला. डाळीची डाल झाली, पोळीची पोली. शरीराने स्वतःच्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उठायचं, असा हा आजार. यात लाळ हा शब्दच मला धड म्हणता येत नाही, आता बोला.

आम्ही कतारला, दोह्यात फरीज बिन ओमरान या भागात राहतो. नवरा गॅसच्या प्लांटवर इंजिनिअर, निम्मा महिना तिकडेच. लेक इंग्रजी शाळेत. खाली किराण्याच्या दुकानात हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि मराठी फक्त दाराच्या आत. मी मराठीत विचारायचं आणि लेकीने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा रिवाज आहे. तिला कळतं सगळं, बोलत नाही. नवरा घरी आला की दमलेला असतो, त्याची भाषा प्लांटवरच्या अरबीतून उचललेल्या 'यल्ला', म्हणजे चला, झोपा, आणि 'खलास' एवढ्यावर आलेली. म्हणजे घरात मराठी टिकवायची ती मीच. ती टिकवायला लाळ लागते हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. बोलताना तोंडाला कोरड पडते म्हणून मी वाक्यं लहान केली, मग गोष्टी सांगणं सोडलं. शेवटी 'जेवलीस?' आणि 'दप्तर भरलंस?' एवढंच उरलं.

डॉक्टरांनी डोळ्यांत घालायचे थेंब दिले, मलेरियासाठी देतात ती गोळी दिली आणि लाळ सुटण्यासाठी आणखी एक गोळी दिली. तिने लाळ सुटली नाही, घाम सुटला. दोह्यात भर जूनमध्ये पैसे मोजून घाम विकत घेणारी मी एकटीच असेन.

नवऱ्याच्या प्रोजेक्टवरच्या एका कोरियन सहकाऱ्याने शहरातल्याच अल दुहैल भागातल्या, सुया आणि काढ्यांचे कोरियन उपचार करणाऱ्या एका कोरियन डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. बुडत्याला काडीचा आधार, म्हणून गेले. बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी आधी जीभ पाहिली, बराच वेळ, आणि मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी. फोनवर हे ऐकून नाशिकला माझ्या आईचा जीव भांड्यात पडला. नाडी बघते म्हणजे बाई जाणकार, असा तिचा निकाल. त्यातून बाईंनी सांगितलं की वर उष्णता वाढली आहे आणि आतली ओल आटली आहे. मला हसूच आलं. आमच्याकडे तोंड आलं तर उष्णता, तळपायाची आग झाली तर उष्णता, सून चिडचिड करते तर तिलाही उष्णता. कोरियाहून आलेली बाई तेच म्हणते म्हटल्यावर ती मला माहेरचीच वाटायला लागली.

मी विचारलं, पथ्य काय? या शब्दाला इंग्रजी सापडेना, म्हणून काय खायचं नाही असं विचारलं. बाई थोडा विचार करून म्हणाल्या, तिखट आणि कॉफी कमी करा, पाणी कोमट प्या. आईला हे पटलंच नाही. एवढंच पथ्य असलेलं औषध ते कसलं औषध? मग आम्ही मायलेकींनी फोनवर बसून बाईंच्या वतीने पथ्य वाढवलं. वांगं बंद, लोणचं बंद, आंबट बंद, शिळं बंद. औषध कडू आणि पथ्य कडक असलं की गुण येणारच, ही आमची पिढ्यान् पिढ्यांची समजूत आहे.

सुया जबड्याशी, भुवईशी आणि पावलांवर टोचायच्या. काढा काळा, छोट्या पाकिटांतून मिळायचा. तो गरम करून प्यायचा. मेथ्या आणि ज्येष्ठमध मातीत उकळल्यासारखी चव. थेंब आणि गोळ्या चालूच होत्या, ते बंद करू नका असं बाईंनीच बजावलं होतं.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी जागी झाले तर तोंडात ओल होती. अगदी थोडी, पण होती. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यापाशी उभी राहून म्हणत सुटले, आवळा, भोपळा, गूळ, मुळा, काळा मसाला. एकेक ळ सुटत होता. लेक डोळे चोळत आली आणि मी कुणाशी बोलतेय ते इंग्रजीत विचारायला लागली. मी तिला उचलून घेतलं. आनंदाने रडू आलं, पण डोळ्यांची नुसती आग झाली. तरीही इतकी सुखी मी फार दिवसांत झाले नव्हते.

ते टिकलं नाही. उन्हाळा आला, खिडक्या बंद झाल्या, दिवसरात्र एसी सुरू झाला आणि मी पुन्हा होते तशी कोरडी झाले. काढा तोच, सुया त्याच. शेवटी मी बाईंना स्पष्टच विचारलं, हे पूर्ण बरं होणार की नाही? त्यांनी सुया बाजूला ठेवल्या.

"ज्या ग्रंथी शिल्लक आहेत, त्यांना मी थोडी मदत करू शकते," त्या म्हणाल्या. "ज्या गेल्या, त्या परत येणार नाहीत."

मला त्यांचा भयंकर राग आला. अख्ख्या शहरात ऊठसूट 'इन्शाल्ला', देवाच्या मनात असेल तर होईल, असं म्हणतात, या बाईला तेवढंही म्हणवलं नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, पथ्य मोडलं असशील कुठेतरी. मी वाद घातला नाही. वाद घालायलाही तोंड ओलं लागतं. अजून मी तिथे जाते, सुयांनी थोडा वेळ बरं वाटतं म्हणून. आशा मात्र सोडली आहे. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे.

यंदा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत लहान मुलांनी मराठीत चार वाक्यं बोलायची होती. लेकीला विषय मिळाला 'माझी शाळा'. तालमीला ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझी शाला." शाला मोठी आहे, शालेत झाडं आहेत, मी रोज सकाली शालेत जाते. सगळ्या बायका कौतुकाने हसल्या. शेजारची काकू मला म्हणाली, बाहेर वाढलेल्या पोरांचं असंच, ळ येतच नाही त्यांना, पण किती गोड वाटतं. मीही हसले.

घरी आल्यावर मी लेकीला जवळ बसवलं. म्हटलं, एक अक्षर चुकतंय तुझं. ती तिच्या इंग्रजीत म्हणाली की चुकत नाही, तू असंच म्हणतेस. मी सांगितलं की मीही चुकीचं म्हणते, माझ्या आजारामुळे, तू माझं ऐकू नकोस. 

"मग बरोबर कसं ते म्हणून दाखव," ती म्हणाली. चक्क मराठीत.

नवरा प्लांटवर होता. नाशिकला आई झोपली असणार. मी तोंड ओलं करायचा औषधी फवारा मारला, कोमट पाण्याचा घोट घेऊन तो तोंडभर फिरवला, जीभ मागे वळवली आणि म्हटलं. लेकीने माझ्या ओठांकडे बघत अगदी मन लावून ऐकलं आणि माझ्यामागून जसंच्या तसं म्हटलं.

"शाला."