गाडीचं तोंड फाटकाकडे

आमच्या ऑफिसचे ड्रायव्हर मामा तोंड पुढे करून आत शिरत असत ते फक्त स्वतःच्या घरात, तेही पायी. हातात स्टिअरिंग आलं की माणूस उलटा आत जायचा. ऑफिस असो, रेस्ट हाऊस असो, लग्नाचा मांडव असो की कोणाचा दहावा. मामा आधी जागा ओलांडून पुढे जात, थांबत, उजवा हात खिडकीबाहेर काढून मागचं सगळं जग थोपवून धरत आणि मान वळवून एका दमात गाडी मागे घेत. आरसा त्यांनी फक्त भांग पाडण्यासाठी ठेवला होता. गाडीचं तोंड फाटकाकडे झालं की इंजिन बंद. मग जगाला जायला मोकळीक.

मामा मूळचे पाचोडचे. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर वर्ष-दोन वर्षांत शेती भावांवर सोडून ते औरंगाबादला आले आणि एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या हाताखाली क्लीनर म्हणून राहिले. हे उस्ताद पूर्वी कुठल्याशा जहागीरदाराची मोटार चालवत. जहागीर गेली, मोटार गेली, उस्ताद मालट्रकवर आले, पण त्यांचा रुबाब तोच राहिला. त्यांचं एक वाक्य मामा आम्हाला वारंवार ऐकवत: “अंदर तो कोई भी डालता रे, बाहर निकालताय सो डरायवर.” मी बऱ्यापैकी वाचणारा माणूस. आत शिरणं जमलेले आणि बाहेर पडणं न जमलेले पुष्कळ ग्रंथकार मला ठाऊक होते, त्यामुळे उस्ताद मला एकदम पटले.

जुन्या साहेबांनी एकदा सहज विचारलं होतं, “मामा, सरळ आत गेलो तर काय बिघडेल?”

“आत जाताना काय बिघडत नाय साहेब. जागा रिकामी असती, ती कुठं पळून जात नाय. बिघडतं ते निघताना. रस्त्यावर सायकल येती, म्हैस येती, शाळेतलं लेकरू येतं. ते पाठीनं कसं दिसावं?”

जुने साहेब हसले आणि पुन्हा वर्तमानपत्रात गेले. ते मोठे साहेब होते, कारण त्यांना मोठं दिसायची हौस नव्हती.

दुसरं कारण मामा चारचौघांत सांगत नसत. आमच्या पांढऱ्या सरकारी गाडीची बॅटरी संपलेली होती. नवीन बॅटरीची मागणी वर गेली की ‘आवश्यकता स्पष्ट करावी’ असा शेरा घेऊन खाली यायची. पण ऑफिसच्या पोर्चपासून फाटकापर्यंत छान उतार होता. मामा हँडब्रेक सोडत, गाडी घरंगळली की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडत आणि इंजिन सुरू होई. सरकार सहा महिने उतारावर चाललं आहे, हे मागे बसलेल्या साहेबांना कधी कळलं नाही.

मग नवे साहेब आले. त्यांनी पहिल्या आठवड्यात गाडीला पडदे लावून घेतले, सीटवर पांढरा टॉवेल टाकायला लावला आणि पुढे झेंड्याची दांडी बसवली. झेंडा लावायचा अधिकार त्यांना नव्हता, म्हणून नुसतीच दांडी. पडद्यांची मागणी मात्र वरून एका फेरीत मंजूर झाली होती.

साहेब मागे डाव्या बाजूला बसत, कारण साहेब तिथेच बसतात. गाडी पोर्चमध्ये सरळ शिरली तर त्यांचं दार बरोबर पायऱ्यांसमोर उघडलं असतं. मामा उलटे शिरत, त्यामुळे पायऱ्या उजवीकडे यायच्या. शिपाई उजवं दार उघडून सलाम ठोकायचा आणि साहेब डावीकडून उतरत. सीटवरून सरकत येणं त्यांना शोभेना आणि गाडीला वळसा घालणं त्याहून शोभेना. पोर्चमधून पुढे बाहेर पडायलाही वाव नव्हता; तिथे पूर्वीच्या एका साहेबांनी गुलाबाचा वाफा करून त्याला भिंत घातली होती.

मी आस्थापना शाखेत होतो. साहेबांनी मला बोलावून मेमो काढायला सांगितलं. मी लिहिलं, ‘शासकीय वाहनाने कार्यालयाकडे पाठ करून उभे राहणे शिस्तीस धरून नाही.’ साहेब वाक्यावर खूश झाले. मेमो मिळाल्यावर मामा थेट माझ्याच टेबलापाशी आले.

“भाऊसाहेब, ह्याला उत्तर द्यावं लागंल. माझं अक्षर म्हंजी कोंबडीचे पाय. तुम्हीच लिहा.”

मग मी मामांच्या वतीने माझ्याच मेमोचा समाचार घेतला. असे दोन मेमो आणि दोन खुलासे झाले; मूळ मेमोही खुलाशांसोबत परत येऊन दप्तरात लागले. दोन्हीकडून मीच लढत होतो आणि दोन्हीकडून जिंकत होतो. इतकं सकस गद्य मी पुढे कधी लिहिलं नाही.

तिसऱ्या वेळी साहेबांनी कागद मागवला नाही. मला म्हणाले, “त्याला सांगा, पिशोरला जागा रिकामी आहे.”

लांबच्या पिशोर गावातल्या आमच्या उपकार्यालयात गाडीच नव्हती. ड्रायव्हरची जागा मात्र मंजूर होती.

आता गंमत संपली. मामांची निवृत्ती वर्षावर आली होती. पुंडलिकनगरमध्ये त्यांनी दोन खोल्या नुकत्याच बांधल्या होत्या आणि मामींची नजर झपाट्याने जात होती. दर पंधरा दिवसांनी त्यांना सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं लागे. ऑपरेशनची तारीख अजून मिळाली नव्हती. मी मामांना म्हटलं, “मामा, वर्षभर लावा गाडी सरळ. उस्तादांना कळणार नाही.”

“उस्ताद वर गेले, त्यांना लई लांबचं दिसतं,” मामा म्हणाले. मग म्हणाले, “पण हिला काय दिसंना झालंय. लावतो सरळ.”

सरळ लावण्याचा पहिला दिवस नेमका वरिष्ठांच्या तपासणीचा निघाला. सकाळी गाडी पोर्चमध्ये सरळ शिरली, शिपायाचा सलाम योग्य दारात पडला, साहेबांचा चेहरा उजळला. दुपारी तपासणी आटोपून वरिष्ठ फाटकाबाहेर आपल्या गाडीपाशी गेले. आमच्या साहेबांनी आपली गाडी पुढे काढून त्यांना रेस्ट हाऊसपर्यंत न्यायचं ठरलं होतं. साहेब ऐटीत मागे बसले. मामांनी चावी फिरवली. कट्. पुन्हा फिरवली. कट्.

“साहेब, उतरता का? मागं ढकलावं लागंल.”

“मी उतरणार नाही,” साहेब पडद्याआडून म्हणाले.

तेव्हा तीन शिपाई, दोन कारकून आणि मी अशा सहा जणांनी बॉनेटला हात लावले. उतार असल्यामुळे गाडी आमच्या हातून निसटलीच. साहेब आमच्याकडे तोंड करून, टॉवेलला टेकून, आमच्यापासून लांब लांब जाऊ लागले. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या वरिष्ठांनी वयाच्या मानाने चांगली उडी मारली. मामांनी ब्रेक लावला आणि आमची गाडी शेपटीकडून रस्त्यावर आडवी आली.

“भिंतीकडे तोंड करून गाडी कोणी लावली होती?” वरिष्ठांनी विचारलं.

“ड्रायव्हरने, सर,” साहेब म्हणाले.

यातला एक शब्दही खोटा नव्हता. मामांनी आमच्याकडे पाहिलं. माझ्या टेबलाच्या खणात साहेबांच्या सहीच्या मेमोची नक्कल होती, आणि मी बॉनेटवरची धूळ हाताला लागली म्हणून हात झटकत होतो. वरिष्ठ निघून गेले.

तिसऱ्या दिवशी पिशोरचा बदलीचा आदेश निघाला. मसुदा अर्थात माझाच. संध्याकाळी मेमोची ती नक्कल खणातून काढून मी मामांच्या घरी गेलो. “हे जोडून वर अर्ज करा,” म्हटलं.

मामांनी कागदाची घडी केली आणि माझ्याच खिशात घातली. “ही बाहेर कशी आली म्हणून विचारतेल, भाऊसाहेब. माझं एक वरीस राहिलंय. तुमची वीस हायत.”

मला वाद घालायला हवा होता. मी चहा प्यालो.

निघायच्या दिवशी मी बसस्टँडवर गेलो. मामा ट्रंक टपावर चढवत होते. मामी खिडकीपाशी बसल्या होत्या. माझा आवाज ओळखून त्यांनी पिशवीतून आदेशाचा कागद काढला.

“भाऊसाहेब, तुम्हीच लिवलाय म्हणं. हे सांगत हुते, तुमचं अक्षर लई सुरेख हाय. मला आता दिसत नाय. वाचून दाखवता का?”

मी वाचून दाखवला. शेवटची ओळ होती, ‘सदर बदली प्रशासकीय सोयीसाठी करण्यात येत आहे.’

“कुणाच्या सोयीसाठी वो?” मामींनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं.

मामा आत येऊन बसले. कंडक्टरने शिट्टी मारली आणि गाडी फलाटावरून मागे सरकू लागली. मी कागद खिडकीतून परत दिला.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी शेकड्यांनी बदल्यांचे मसुदे लिहिले, पण ती ओळ पुन्हा लिहिली नाही. साहेब लोक ती नंतर आपल्या हाताने घालून घेत.