हँडलवरचा रेडिओ

माझा भाऊ अजून सांगतो की आईनं त्याचा रेडिओ बुडवला. परवाही सांगितलं. त्याचा मुलगा नव्या मोटरसायकलवर फोन कुठे बसवावा म्हणून अंगणात खटपट करत होता आणि हे महाशय वरांड्यात बसून म्हणाले, "हँडलवरच लाव. पण नारळ आत्याला फोडू देऊ नकोस. तुझ्या आजीनं माझा रेडिओ बुडवला होता!" सगळे हसले. मी नाही हसले. म्हणे माझा!

रेडिओ आईचा होता. बाबा होते तेव्हा त्यांनी तिच्यासाठी आणलेला. आमच्या बेटावरच्या सुरिनाम गावातल्या घरात तो स्वैपाकघराच्या फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी असायचा. शनिवारी दुपारी अर्धा तास मराठी लागायचं. तेवढ्यात कुणी दार वाजवलं की आई म्हणायची, "आयो, आत्ताच मेले तडफडायला!" आणि आवाज वाढवायची.

एका वर्षी गणपतीच्या आधी रेडिओवरची माणसं टेपचं यंत्र घेऊन गावात आली. आमच्या बैठकेत, जिथे मुलं मराठी शिकायची आणि भजनं व्हायची, तिथे बायकांना जमवून त्यांनी गौरीची गाणी घेतली. आईनं तिच्या आजीचं गाणं एकटीनं म्हटलं. येत्या शनिवारी लागेल, असं सांगून माणसं गेली. त्या संध्याकाळी भांडी घासता घासता आई मला म्हणाली, "अख्ख्या गावानं माझा आवाज ऐकलाय गं. मीच नाही ऐकला. कसा असेल?" मी तिला अशी हरखलेली कधी पाहिली नव्हती.

आणि नेमकी त्याच आठवड्यात भावानं मोटरसायकल आणली. तो व्हाकोआ शहरात सरकारी ऑफिसात लागला होता, पाय जमिनीवर नव्हतेच. आता साहेबांना गाडीवर गाणी हवी होती. फळीवरून रेडिओ गेला. मग तो कुठे लावायचा यावर त्याची आणि त्याच्या मित्रांची, त्या उंटावरच्या शहाण्यांची, रोज संध्याकाळी सभा. टाकीवर ठेवला तर गुडघ्याला लागायचा आणि तापायचा. गळ्यात अडकवला तर छातीवर आपटायचा. मागच्या सीटवर बांधला तर वाऱ्यात काही ऐकू यायचं नाही. शिवाय मागे असलेला रेडिओ बघणार कोण? शेवटी लोखंडी पट्टी वाकवून त्यानं तो हँडलच्या मधोमध आवळला. आई म्हणाली, "फळीवर काय वाईट होता रे?" तो म्हणाला, "अगं, शनिवारी गाडीची पूजा करू आणि तुझं गाणं गाडीवरच लावू. सगळी गल्ली ऐकेल." आईनं रेडिओ राहू दिला. मुलाला आपलं गाणं लोकांना ऐकवायचंय, म्हणून तिला बरंही वाटलं असेल. मला मात्र तेव्हाच चीड आली होती.

शनिवारी शेजारपाजारचे झाडून सगळे आमच्या अंगणात जमले. ज्यांच्याकडे रेडिओ होते ते घरी बंद करून आले. भावानं गाडीला झेंडूच्या माळा घातल्या, हँडलवर तर इतक्या की रेडिओ दिसेनासा झाला. आमच्याकडे नव्या गाडीला नारळाचं पाणी घालतात, आणि तेही डोक्यावरून, देवाला घालावं तसं. आईनं कुंकू लावलं, ओवाळलं, नारळ फोडला. भाऊच म्हणाला, "हं, घाल आता माथ्यावर." तिनं दोन्ही करवंट्या हँडलवर रित्या केल्या.

मग त्यानं माळा बाजूला सारून बटण फिरवलं. खर्रर्र झालं आणि बंद. पुन्हा फिरवलं, थापट्या मारल्या. काही नाही. "काय केलंस हे, आई!" भरल्या अंगणात ओरडला तो तिच्यावर. चोराच्या उलट्या बोंबा! आई हातात रिकामी करवंटी धरून उभी होती.

मी धावत सुटले. उसाच्या कडेकडेनं कोपऱ्यावरच्या लाबुतिकपर्यंत, म्हणजे चिनी दुकानापर्यंत. म्हाताऱ्या दुकानदारानं माझं तोंड पाहून न विचारता रेडिओ लावून दिला. गाण्याच्या शेवटच्या दोन ओळी उरल्या होत्या. आई गात होती. मग निवेदकानं आभार मानले.

परत आले तेव्हा पाहुणे बुंदी खात होते आणि आई पायरीवर बसून पदरानं रेडिओ पुसत होती. "लागलं होतं?" तिनं विचारलं. "लागलं होतं." "कशी गात होते मी?" मी म्हटलं, "छान." "छान नको सांगू. कसा आहे आवाज, ते सांग." मला सांगता येईना. आवाज कसा सांगायचा कुणाला? पुढे निरोप पाठवून चौकशी केली, तर ती टेप पुसून तिच्यावर दुसरं काहीतरी घेतलं होतं. दर गौरीला आई मला पुन्हा विचारायची, आणि दर वेळी मी काहीतरी बोलायचे. ती गेली तोपर्यंत.

परवा हसणं थांबल्यावर मी भावाला विचारलं, "बरं, तो रेडिओ राहू दे. आईचा आवाज कसा होता रे?"

तो म्हणाला, "नाही गं आठवत."