सहावं प्रकरण

नाशिकच्या आमच्या कॉलेजात शनिवारी दुपारी प्राध्यापकांचं वाचन मंडळ भरायचं. चांगलं कसं शिकवावं यावरचं एक जाडजूड पुस्तक, आठवड्याला एक प्रकरण, मग चिवडा आणि फाईलसाठी फोटो. फोटोत सगळ्यांची पुस्तकं एकाच पानावर उघडलेली असायची. पहिल्या.

सहावं प्रकरण माझ्या वाट्याला आलं. मी वाचलंच नव्हतं. उभा राहिलो आणि दिलं ठोकून, "लेखक म्हणतो, फळ्यावर मुद्दाम एक चूक करावी आणि तास संपेपर्यंत ती मुलांना शोधू द्यावी."

"वा! हेच तर मला भावलं," भूगोलाचे सर म्हणाले. "मी खूण करून ठेवलीये."

म्हणजे त्यांनीही वाचलं नव्हतं! मला चेव आला. लेखकाच्या नावावर आणखी दोन युक्त्या खपवल्या. माना डोलल्या.

एक मान सोडून. मी प्रमुख असलेल्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या देवळ्याच्या मॅडम. त्यांच्या पुस्तकात पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. सहावं प्रकरण पुढून मागे, मागून पुढे चाळत होत्या. आता बोलणार, एवढ्यात मी हसत म्हणालो, "मॅडम, तुमचा अहवाल सोमवारी लिहितो बरं का."

पुढच्या वर्षी त्यांना तास मिळणार की नाही, हे त्या अहवालावर होतं. त्यांनी पुस्तक मिटलं.

सोमवारी मी भरभरून चांगलं लिहिलं. लाजच तशी वाटत होती. मॅडम नेमणुकीचं पत्र घ्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "सर, आता तरी सहावं वाचा. छान आहे."

घरी जाऊन वाचलं. वर्गात मुलं गप्प का बसतात, यावर होतं. पहिलंच कारण, मास्तरची भीती.

त्यानंतरच्या शनिवारी मंडळात कबूल करून टाकलं, की वाचलं नव्हतं. हशा पिकला.

"अहो, आम्हाला तेव्हाच कळलं होतं!" भूगोलाचे सर म्हणाले.

"मग सांगा ना सर," कोपऱ्यातून मॅडम म्हणाल्या, "काय आहे त्या प्रकरणात?"

सरांनी चिवड्याची बशी पुढे ओढली.

मीही पोट धरून हसलो. पण अहवालाचा तो दम दिला होता, हे तेव्हाही बोललो नाही. आज पहिल्यांदा लिहितोय. वाचायला आधी मॅडमनाच देणार आहे, सोबत पेन्सिल ठेवून.