मलिदा खाऊन दिलेलं रक्त

मंगळवार, १२ मार्च २००२. रक्ताचे माणशी नव्वद शेकेल, तिघांचे दोनशे सत्तर. हजर : माझी आई, बाळंतपणाला आमच्याकडे रामल्याला आलेली माझी मुलगी, मी, आणि रक्त घ्यायला आलेली पुण्याची एक संशोधक पोरगी. मुलीचं सात आठवड्यांचं बाळही होतं, पण त्याचं रक्त नको होतं, म्हणून त्याला पैसे नव्हते.

जुनी कीटकनाशकं माणसांच्या अंगात किती उरलीत ते तपासायचं होतं. ही पोरगी दोन वर्षांसाठी इथल्या पेताह तिक्वा शहरातल्या प्रयोगशाळेत आली होती. मराठी बोलते म्हणून आईने तिला लगेच घरचीच ठरवलं. "रात्रीपासून काही खायचं नाही," असं पोरीने आधीच बजावलं होतं. सकाळी पुन्हा विचारलं, "सगळे उपाशी ना?"

"एकदम," आई म्हणाली. तिच्या मते ते खरंच होतं. घरात सुई येणार, सगळं सुखरूप पार पडावं म्हणून तिने पहाटे एलियाहू हनावी या आम्हा ज्यूंच्या संदेष्ट्याच्या नवसाचा मलिदा केला होता : भिजवलेले पोहे, साखर, दोन नारळ. नवसाचा मलिदा ती खाण्यात धरत नाही. मी मूठभर खाल्ला. मुलगी अंगावर पाजते म्हणून तिला दोन वाट्या.

पाच आठवड्यांनी पत्रं आली. आकड्यांचे दोन रकाने. एक रक्ताच्या लिटरमागे, दुसरा रक्तातल्या चरबीच्या ग्रॅममागे. मी जन्मभर गोदामाचा हिशेब ठेवलेला माणूस. आपण रक्त दिलं, चरबी नाही, असं म्हणून मी दुसरा रकाना सोडला आणि पहिला चौकटीच्या कागदावर उतरवला. मुलीचा आकडा माझ्या जवळजवळ दुप्पट निघाला. तो मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवला. एवढीच अक्कल.

मुलीने चमचा खाली ठेवला. "हे दुधात उतरतं?"

मला माहीत नव्हतं. "उतरत असणार," मी म्हणालो.

त्या संध्याकाळपासून बाळाला बाटली. दूध आटू नये म्हणून मुलीने भाड्याने पंप आणला. दूध काढायचं आणि मोरीत ओतायचं. बाळ बाटली थुंकायचं आणि रडायचं. मुलगीही रडायची, पण ती न्हाणीघरात.

"माज्या सात पोरांनी हेच प्यालं," आई म्हणाली. "तवा कोन रकाने बघत होता?"

"साव्ता, दाय!" आजीला गप्प करायला मुलगी हिब्रूच वापरते.

आई माझ्याकडे वळली. "आनि तू, गोदामवाल्या, लेकराचं दूध तोडलंस. लिव तेबी कागदावर."

चौथ्या दिवशी मी संशोधक पोरीला फोन केला. संध्याकाळच्या बसने ती आलीच. माझा कागद पाहून म्हणाली, "काका, दुसरा रकाना कुठाय?"

"तो कशाला?"

"तोच बघायचा! ही रसायनं चरबीत राहतात. रक्तात चरबी वाढली की तिच्याबरोबर तीही जास्त दिसतात. म्हणून चरबीने भागायचं. बाळंतिणीची चरबी तशीही चढलेली असते, पण हिची इतकी? त्या सकाळी काय खाल्लं होतं?"

"काय नाय," आई म्हणाली. "मलिदा."

"नारळाचा?"

"मग काय, दगडाचा?"

पोरीने कपाळाला हात लावला. मग मूळ पत्रं मागून घेऊन दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. मुलीचा आणि माझा आकडा जवळपास सारखा. सगळ्यात वर आई. वय जास्त, साठाही जास्त. आईला पहिली आल्याचा आनंद झाला.

"म्हणजे भागलं की संपलं?" मी विचारलं.

"नेहमी नाही. कधी चरबी हा आजाराचाच भाग असतो, मग भागाकारही फसवतो. त्यावरून आमच्यात अजून भांडणं चालू आहेत."

मला आणखी विचारायचं होतं. मुलीला एकच विचारायचं होतं.

"पाजू?"

"पाज. तुझा आकडा चारचौघींसारखाच आहे."

बाळाने आधी तोंड फिरवलं. चार दिवसांचा राग होता. मग लागलं प्यायला, ते पंचवीस मिनिटं. मी घड्याळ बघत होतो. आई म्हणाली, "आता भाईर जा."

दुसऱ्या दिवशी पंप परत केला. चार दिवसांचं भाडं, दिवसाला पंधरा. पंप देणाऱ्या नर्सबाईंनी एवढ्या लवकर का, म्हणून विचारलं. चूक कोणाची ते मी सांगितलं नाही. साठ शेकेल त्यांच्या हातात रोख दिले.