अण्णा आजारी आहेत

जेवण झालं की शिवराजअण्णा ताटात पाणी ओतायचे, बोटांनी ताट धुवायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचे. "परसाद हाय, दत्ता. टाकायचा न्हाई," हे वर ठरलेलं. राजेश्वर गावात त्यांचं कापडाचं दुकान आमच्या घराला लागूनच. अंगाने अवाढव्य माणूस. ते गादीवर बसले की गिऱ्हाइकाला जागा उरत नसे. गाव चिडवायचं आणि सगळ्यांत मोठ्याने अण्णाच हसायचे.

करोनात ते बिदरला दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. अंगात साखर आहे हेही तिथेच पहिल्यांदा कळलं. बरे होऊन घरी आले तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. पण आजार काही घर सोडेना. दुकानावरच्या माडीत विश्रांतीला म्हणून गेले ते वरच राहिले. चार पायऱ्या उतरल्या की धाप लागे. कापडाच्या थानाला हात लावताच भाव सांगणारा हा माणूस बोलता बोलता थांबून मला विचारी, "मी काय म्हनायलो होतो?"

अशक्तपणा आहे म्हणून पाहुणे डबे आणू लागले. शेंगापोळी, शिरा, तुपातले लाडू. पुढ्यात आलेलं टाकायचं नाही हा अण्णांचा नेम, त्यामुळे साखर चढतच गेली. मग अण्णांचे दुबलगुंडी गावचे मेव्हणे आले. अंग उतरलं की सगळं जाईल म्हणत त्यांनी अण्णांना सकाळी सकाळी शेतापर्यंत चालवलं. दुसऱ्या दिवसापासून अण्णांना कूस बदलणंही जमेना.

शेवटी आम्ही त्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवलं आणि मी बिदरला घेऊन गेलो. डॉक्टर भले होते. वजन आणि साखर असलेल्यांत करोनाचा त्रास मागे रेंगाळण्याची शक्यता जास्त दिसते, बहुधा अंगात आतली सूज धुमसत राहते, असं ते म्हणाले. पण हे सडपातळ माणसांनाही होतं आणि अण्णांचं नेमकं कशाने, ते छातीठोकपणे सांगता येत नाही. साखर आवरा, ताटात कमी वाढा, झेपेल तेवढंच हला. परतताना अण्णा म्हणाले, "चाललो की पाडायलंय, पडून राहिलो की फुगायलंय. कुठून निघू, सांग की."

काशक्का, म्हणजे त्यांची बायको, डोळे पुसत अर्धीच भाकर वाढू लागली. साखर उतरली. धाप मात्र तशीच राहिली.

यंदा मेव्हण्यांच्या मुलीचं लग्न होतं. अण्णांनी नवा झब्बा घातला, चार पायऱ्या उतरले आणि जिन्यातच बसले. खाली जीप हॉर्न वाजवत होती. त्यांनी मला जवळ बोलावलं. "अण्णा लठ्ठ हाय, उठंना म्हनून आला न्हाई, असं कुणाला म्हनू देऊ नको. आजारी हाय म्हन."

मांडवात मी तसंच सांगितलं. मेव्हणे म्हणाले, करोना जाऊन जमाना झाला, आता कसला आजार. अख्खी पंगत हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण पोरीच्या लग्नात काय बोलणार.

संध्याकाळी माडीवर गेलो. अण्णांनी विचारलं, काय म्हनले? खोटं सांगायचं ठरवून गेलो होतो, जमलं नाही.

"हसले, अण्णा."

ते म्हणाले, "आजारी हाय म्हनून कुणीच म्हनलं न्हाई?"

"मी म्हनलो."

"एक जण तर झाला," ते म्हणाले, आणि माझा हात धरून ठेवला.