घासून काढलेली तारीख

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी डब्यातली कारल्याची भाजी कुणाच्या गळ्यात मारली, हेही सांगून टाकतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही हुडकेश्वरला जाऊन माझ्या सासऱ्यांना भेटाल, असं वाटत नाही.

निवृत्त झाल्यावर सासऱ्यांनी हॉलमध्ये काचेची टाकी मांडली, सहा गोल्डफिश सोडले. नव्या टाकीत अमोनिया वाढतो, मासे मरतात, म्हणून पाणी तपासायचं किट हवं होतं. ते निवडायचं काम माझ्याकडे आलं. का? मी हिंगण्याला कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या मालातल्या चुका काढतो. शिवाय जावई. एवढी पात्रता आमच्याकडे पुरते.

काय घ्यायचं ते मला ठाऊक होतं हो — थेंबांचं किट, बाटलीवरची तारीख पाहून. पण त्यासाठी सीताबर्डीला जावं लागलं असतं, आणि मला घरी जायची घाई. वाटेतल्या दुकानात कागदी पट्ट्यांची डबी दिसली, घेतली. गाडीपाशी येऊन डबीच्या तळाशी पाहिलं — मुदत कधीच संपलेली. दुकान वीस पावलांवर होतं. मी परत गेलो का? गाडीची किल्ली काढली, आणि तारीख घासून टाकली.

सासऱ्यांनी ती डबी दोन्ही हातांनी घेतली. रोज सकाळी पट्टी बुडवायचे; पिवळीच निघायची, म्हणजे अमोनिया नाही. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले तेव्हा त्यांनी फोन केला. पट्टी पिवळी आहे ना, मग पाणी चांगलंय, मी म्हणालो.

"तुम्ही सांगून राहिले तं बरोबरच असन, जावईबापू."

आठवड्यात चार मासे गेले.

रविवारी गेलो, तर सासूबाई विचारत होत्या, "चांगले फिरून राहिले होते, मेले काहून मंग?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पट्ट्या जुन्या होत्या — तीन शब्द. किती वेळ लागला असता? मी म्हणालो, "बाबा, तुम्ही खायला जास्त टाकलं."

"म्हटलं होतं न मी! मुठीमुठीनं टाकते हा माणूस!"

सासरे एवढंच म्हणाले, "हो. माह्याच हातून झालं."

आणि मग या माणसानं काय करावं? दर रविवारी मला पाणी तपासायला बोलवावं! आता मी थेंबांचंच किट नेतो. तेही आधी कारखान्याच्या लॅबमध्ये, अमोनिया किती ते माहीत असलेल्या नमुन्यावर तपासून. नळीत रंग चढेपर्यंत आम्ही दोघं शेजारी बसतो. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण या रविवारांआधी आमचं बोलणं 'जेवले का?'च्या पुढे गेलं नव्हतं. आता ते कन्हानच्या नदीत पोहायला शिकल्याचं सांगतात, निवृत्तीच्या पहिल्या दिवशी उगाच डबा भरून घेतल्याचं सांगतात. माझे वडील माझ्याशी कधी इतकं बोलले नाहीत. शेजाऱ्यांना सांगतात, आमचे जावई पाहतात पाणी. मी कमावलेला नाही हा विश्वास — तरी दर रविवारी पोटभर मिळतो. त्याचे उपकार कोणत्या तोंडानं मानू?

टाकीत आता दहा मासे आहेत. सासरे दाणे तळहातावर घेतात, बोटानं एकेक मोजतात. वीस. एकविसावा डबीत परत टाकतात, आणि हात माझ्यापुढे धरतात.

"जास्त तं नाही झाले न, जावईबापू?"

नाही बाबा, मी म्हणतो.